वारा, वाळू आणि तीन शेवट : ‘द विंड’ या मूकपटाची कथा

१/
मूकपटाला आवाज नसतो. तरीही हॉलिवूडच्या एका श्रेष्ठ मूकपटाचा विषयच मुळी एक आवाज आहे : पश्चिम टेक्सासच्या माळरानावर दिवसरात्र घोंघावणारा वारा. चित्रपटाचे नाव ‘द विंड’. दिग्दर्शक व्हिक्टर श्योस्ट्रॉम, नायिका लिलियन गिश. नोव्हेंबर १९२८ मध्ये तो प्रदर्शित झाला तेव्हा ‘द जॅझ सिंगर’ येऊन वर्ष उलटले होते आणि मूकपटांना घरघर लागली होती.

या चित्रपटाविषयी एक गोष्ट हमखास सांगितली जाते. मूळ चित्रपट दुःखान्त होता, पण स्टुडिओने शेवट बदलायला लावला, अशी ती गोष्ट. तिची शहानिशा करायची तर चित्रपटाच्याही चाळीस वर्षे मागे, एका दुष्काळापर्यंत जावे लागते.

२/
त्या दुष्काळाचे ठिकाण म्हणजे पश्चिम टेक्सास, आणि या कथेचे गाव स्वीटवॉटर. नावाचा अर्थ गोडे पाणी.

हा मुलूख कोमांची लोकांचा. १८७४-७५ च्या मोहिमेत अमेरिकी लष्कराने त्यांना तेथून हुसकावून आजच्या ओक्लाहोमातील राखीव क्षेत्रात नेले. त्याच दशकात कातड्याच्या व्यापारासाठी रानगव्यांचे प्रचंड कळप बंदुकांनी संपवण्यात आले. १८८१ मध्ये टेक्सास अँड पॅसिफिक रेल्वे स्वीटवॉटरला पोहोचली. मूळ रहिवासी गेले, गवे गेले, रूळ आले. आता रिकामी दिसणारी ही जमीन विकायची होती, आणि विकत घेणारे पूर्वेकडील पावसाच्या प्रदेशातून येणार होते.

३/
सुरुवातीची काही वर्षे पावसाने साथ दिली. माळ हिरवा दिसला आणि कुटुंबेच्या कुटुंबे येऊन वसली. त्यांनी शेती आणली ती पूर्वेकडची, सवयी आणल्या त्याही पूर्वेकडच्या.

मग आकाश फिरले. जानेवारी १८८६ मध्ये दक्षिणेकडील मैदानांवर भीषण हिमवादळ आले आणि असंख्य गुरे गारठून मेली. त्या सुमारासच पावसाने जी पाठ फिरवली, ती १८८७ पर्यंत. पिके करपली, तळी आटली, बियाण्यालाही दाणा उरला नाही. नुकतीच नांगरलेली, ओल नसलेली जमीन वाऱ्याच्या तावडीत सापडली. हजारो लोकांनी गाडीत सामान भरले आणि आल्या वाटेने ते परत गेले.

४/
या संकटाची दखल थेट वॉशिंग्टनपर्यंत गेली. अमेरिकी काँग्रेसने दुष्काळग्रस्त टेक्सासमध्ये बियाणे वाटण्यासाठी १० हजार डॉलरची तरतूद मंजूर केली. राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी फेब्रुवारी १८८७ मध्ये नकाराधिकार वापरून ते विधेयक परत पाठवले. नागरिकांनी सरकारला आधार द्यायचा असतो, सरकारने नागरिकांना पोसायचे नसते, असा त्या नकाराचा आशय होता. आजही अमेरिकेत शासनाच्या मर्यादांवर वाद झडतो तेव्हा या नकाराचा दाखला दिला जातो.

त्याच वर्षाच्या आरंभी अमेरिकी रेडक्रॉसच्या संस्थापक क्लारा बार्टन स्वतः टेक्सासमध्ये येऊन परिस्थिती पाहून गेल्या. पुढे टेक्सासच्या विधिमंडळाने मदतीसाठी १ लाख डॉलर मंजूर केले.

५/
येथपर्यंतची कथा कोणत्याही दुष्काळाची वाटेल. पुढचा तपशील मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

दुष्काळाची वार्ता बाहेर जाऊ नये, असे वाटणारी माणसे दुष्काळी भागातच होती. उपासमारीची बातमी पसरली तर नवे वसाहतकरी येणार नाहीत, जमिनीचे भाव कोसळतील, ही त्यांची धास्ती. मदत मागणाऱ्यांवर अतिशयोक्तीचे आरोप झाले. बिकट काळ आहे हे मान्य, पण त्याचा बोभाटा कशाला, असा एकंदर सूर होता. ज्यांच्या घरात दाणा नव्हता त्यांनी गावाच्या अब्रूसाठी गप्प बसावे, अशी ही अपेक्षा.

हीच अपेक्षा अडतीस वर्षांनी पुन्हा डोके वर काढणार होती. या वेळी तिचा रोख एका कादंबरीवर होता.

६/
डोरोथी स्कारबरो यांचा जन्म १८७८ चा. आईच्या प्रकृतीसाठी हवापालट म्हणून १८८२ मध्ये हे कुटुंब स्वीटवॉटरला आले. डोरोथी तेव्हा चार वर्षांच्या होत्या. १८८७ मध्ये, मुलांच्या शिक्षणाची सोय व्हावी म्हणून, कुटुंब वेको शहरी गेले. म्हणजे या मुलीचे चौथ्या ते नवव्या वर्षापर्यंतचे बालपण नेमके त्या माळावर आणि त्या दुष्काळात गेले.

पुढे त्या विदुषी झाल्या. लोकगीते आणि लोककथा गोळा करणे हा त्यांचा ध्यास. १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळवली. प्रबंधाचा विषय होता आधुनिक इंग्रजी कथासाहित्यातील अतिमानवी तत्त्व, साध्या शब्दांत भुताखेतांचे साहित्य. त्याच विद्यापीठात त्या लेखनकला शिकवू लागल्या.

७/
१९२५ मध्ये ‘हार्पर’ या प्रकाशनसंस्थेने ‘द विंड’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. मुखपृष्ठावर लेखकाचे नाव नव्हते.

कथा लेटी मेसन या अठरा वर्षांच्या अनाथ मुलीची. हिरव्यागार व्हर्जिनियातून ती स्वीटवॉटरजवळ आपल्या चुलतभावाच्या गुरांच्या रँचवर येते. भावाची बायको तिचा दुस्वास करते. जाण्यासाठी दुसरे घर नाही, म्हणून मनात नसताना ती एका काउबॉयशी लग्न करते. बाहेर अखंड वारा आणि घरात वाळू. रेल्वेत भेटलेला गुरांचा व्यापारी विर्ट रॉडी तिच्या एकटेपणाचा फायदा घेतो. ती त्याला गोळी घालते आणि वाळूत पुरते. वारा ती वाळू उडवून नेतो, प्रेत उघडे पडते. भान हरपलेली लेटी वादळात धावत सुटते. कादंबरी तेथेच संपते.

८/
पश्चिम टेक्सासमध्ये गहजब उडाला. आमचा प्रदेश असा नाही, ही आमची बदनामी आहे, अशी ओरड झाली. टीकाकारांत अग्रभागी होते स्वीटवॉटरचेच वकील आर. सी. क्रेन. वेस्ट टेक्सास हिस्टॉरिकल असोसिएशन या संस्थेचे ते अध्यक्ष. म्हणजे गावाच्या इतिहासाचे राखणदारच कादंबरीविरुद्ध उभे ठाकले.

निनावी लेखक कोणी परका असणार, त्याला टेक्सास काय ठाऊक, असा समज सहज होण्यासारखा होता. लेखिकेचे नाव उघड झाले तेव्हा ती टेक्सासचीच लेक निघाली. तिचे बालपण त्याच गावात, तेही दुष्काळाच्या वर्षांत गेले होते.

९/
या संतापाला केवळ गावाभिमान म्हणून चालणार नाही. त्याच्यामागे इतिहास सांगण्याची एक रुळलेली रीत होती.

१८९३ मध्ये शिकागो येथे इतिहासकार फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनी एक गाजलेला सिद्धांत मांडला. पश्चिमेकडे सतत सरकत गेलेल्या वसाहतीच्या सीमारेषेने अमेरिकी माणसाचा स्वभाव आणि अमेरिकी लोकशाही घडवली, असे त्यांचे प्रतिपादन. या मांडणीतील नायक शिकारी, व्यापारी, गुराखी, शेतकरी, आणि जवळजवळ सगळे पुरुष. निसर्ग कठीण आहे तो त्यांनी जिंकावा म्हणून.

स्कारबरोंची लेटी या चौकटीत बसत नाही. तिला काही जिंकायचे नाही. तिला एवढेच हवे आहे की वारा घटकाभर थांबावा.

१०/
ही कादंबरी लिलियन गिश यांच्या हाती पडली. डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्या ‘वे डाउन ईस्ट’ (१९२०) या चित्रपटात खऱ्याखुऱ्या गोठलेल्या नदीवर, वाहत्या हिमखंडावर पडून राहून प्रसंग देणारी ही अभिनेत्री. १९२५ मध्ये त्या एमजीएम स्टुडिओत आल्या आणि आपले विषय, आपले दिग्दर्शक निवडण्यात त्यांचा शब्द चालू लागला.

गिश यांनी या कथेचा चार पानी आराखडा स्वतः तयार केला आणि निर्मितीप्रमुख अर्विंग थालबर्ग यांना तो पटवून दिला. दिग्दर्शनासाठी श्योस्ट्रॉम, नायकाच्या भूमिकेसाठी लार्स हॅन्सन, पटकथेसाठी फ्रान्सिस मॅरियन. हीच मंडळी १९२६ च्या ‘द स्कार्लेट लेटर’मध्ये एकत्र आली होती. कादंबरी एका स्त्रीची, ती निवडणारी स्त्री, पटकथा लिहिणारीही स्त्री. त्या काळच्या हॉलिवूडमध्ये स्त्रियांना केवढी जागा होती, हे यावरून दिसते. पुढे ती आक्रसत गेली.

११/
व्हिक्टर श्योस्ट्रॉम यांची निवड अचूक होती. ते स्वीडनचे. १९२३ मध्ये हॉलिवूडला येण्यापूर्वीच त्यांनी स्वीडिश मूकपटांना जगात नाव मिळवून दिले होते. ‘टेरिए विगेन’ (१९१७) मध्ये समुद्र आणि १९१८ च्या ‘बेर्ग-आयविंद’ मध्ये हिमाच्छादित डोंगर, ही त्यांची खरी पात्रे. सेल्मा लागरलॉफ यांच्या कथेवरून केलेल्या ‘द फँटम कॅरेज’ (१९२१) मध्ये एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून त्यांनी पारदर्शक भुते पडद्यावर आणली होती.

निसर्गाला पात्र कसे करावे आणि अदृश्याला दृश्य कसे करावे, या दोन्ही गोष्टी त्यांना साधल्या होत्या. ‘द विंड’ला दोन्हींची गरज होती.

१२/
चित्रीकरण टेक्सासमध्ये झाले नाही. १९२७ मध्ये कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंटात तंबू पडले. तेथील तापमान १२० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारे ४९ अंश सेल्सियसपर्यंत चढत असे, असे गिश यांनी लिहून ठेवले आहे. उष्णतेने फिल्मवरचा थर सुटू लागला, तेव्हा ती बर्फात ठेवून वापरावी लागली. बाहेर तापलेल्या दाराची लोखंडी मूठ धरताच गिश यांचा हात भाजला.

आणि वारा? तो कृत्रिम होता. विमानाचे आठ पंखे उभे करून त्यांच्या झोतात वाळू सोडली जाई, जोडीला धूर. गिश यांनी या चित्रीकरणाची गणना आयुष्यातील सर्वांत त्रासदायक अनुभवांत केली आहे. पडद्यावर त्या डोळे मिटून चेहरा झाकतात, तेव्हा तो सगळाच अभिनय नसतो.

१३/
वारा दिसत नाही. दिसते ती त्याने हलवलेली वस्तू. श्योस्ट्रॉम यांनी चित्रपटाचे सारे व्याकरण या एका गोष्टीवर उभारले.

पहिल्याच प्रसंगात रेल्वेच्या डब्यात बसलेल्या लेटीच्या खिडकीवर वाळूचा मारा होतो. आत सभ्य गप्पा, बाहेर तो मारा, मध्ये फक्त काच. पुढे संपूर्ण चित्रपटभर ती काच पातळ होत जाते. दार लावायला दोन माणसांचा जोर लागतो. टांगलेला कंदील हेलकावे खातो आणि त्याबरोबर सारे घर हलल्यासारखे वाटते. प्रेक्षकाच्या कानी वारा पडतच नाही, तरी थोड्या वेळाने लेटीइतकाच तोही त्या वाऱ्याला कंटाळतो, मग धास्तावतो.

१४/
चुलतभावाच्या घरातील एक प्रसंग पाहावा. भावाची बायको कोरा कापलेल्या गुराचे धूड समोर टांगून मांस सोलते आहे, कोपरापर्यंत रक्ताने माखलेली. त्याच खोलीत लेटी नाजूक हातांनी इस्त्री करते आहे. कोराची मुले आईकडे जायला बिचकतात आणि लेटीला बिलगतात.

सवंग चित्रपटात कोरा खलनायिका ठरली असती. येथे तिच्या चेहऱ्यावर दिसते ती भीती. या माळावर जगण्यासाठी तिने स्वतःला असे राकट करून घेतले, आणि आता त्याच राकटपणामुळे मुले दुरावत आहेत. लेटी ही कोराची भूतकाळातील प्रतिमा आणि कोरा ही लेटीचे भविष्य. ते ओळखूनच दोघी एकमेकींकडे पाहतात. फ्रंटियरची किंमत कोणी मोजली, या प्रश्नाचे एवढे थेट उत्तर त्या काळच्या इतिहासग्रंथांत शोधूनही सापडले नसते.

१५/
मग येतो तो घोडा. उत्तरेचा वारा म्हणजे ढगांत राहणारा भुताचा घोडा, अशी मूळ रहिवाशांची समजूत असल्याचे एक पात्र लेटीला सांगते. त्यानंतर तिचे भय वाढू लागते तसा आकाशात उधळणारा पांढरा घोडा पडद्यावर उमटतो. ‘द फँटम कॅरेज’मधील तंत्र येथे पुन्हा उपयोगी पडले.

प्रतिमा अविस्मरणीय आहे. तिच्या मागची बाजूही ध्यानात घ्यावी. ज्या लोकांना या मुलखातून हुसकावून फार काळ लोटला नव्हता, त्यांचे अस्तित्व या कथेत एका दंतकथेपुरते उरते. लेटीच्या वाट्याला आलेल्या उजाड माळाचा इतिहास तिच्या रेल्वेच्या आधी सुरू झाला होता, आणि तो सांगायला कथेत कोणी नाही.

१६/
आता मुख्य प्रश्न : शेवट. चित्रपटात लेटी विर्ट रॉडीला गोळी घालते, वाळूत पुरते, आणि वाऱ्याने उघडे पडत चाललेले प्रेत खिडकीतून पाहते. मूकपटांच्या इतिहासात याहून भयंकर क्षण थोडेच असतील.

पण मग नवरा लायज परत येतो. बाहेर जाऊन पाहतो तर प्रेत नाही, वाऱ्याने ते पुन्हा झाकले आहे. न्यायाने मारलेल्या माणसाला वारा झाकून टाकतो, असे तो तिला समजावतो. लेटीला आता वाऱ्याची भीती उरलेली नाही. उघड्या दारात वाऱ्याला तोंड देत दोघे एकमेकांना बिलगून उभी राहतात. येथे चित्रपट संपतो.

कादंबरी वाचलेल्या कोणालाही हा शेवट चिकटवल्यासारखा वाटेल. तसा आरोप झालाही.

१७/
आरोप करणारे कोणी ऐरेगैरे नव्हते. लिलियन गिश यांनी १९६९ च्या आत्मचरित्रात आणि नंतरही अनेकदा सांगितले की चित्रपट मुळात दुःखान्त होता. चित्रपटगृहांच्या बड्या मालकांनी हरकत घेतली आणि शेवट बदलावा लागला. पटकथाकार फ्रान्सिस मॅरियन यांच्या आठवणीही त्याच वळणाच्या होत्या.

या साक्षी दोन, त्याही थेट निर्मितीत असलेल्या व्यक्तींच्या. शिवाय कथानक सर्वांना हवेहवेसे : एका बाजूला कलावंत, दुसऱ्या बाजूला गल्ला मोजणारा स्टुडिओ. चित्रपटाच्या इतिहासाची पुस्तके अनेक दशके हेच सांगत राहिली.

१८/
नंतरच्या अभ्यासकांनी मात्र स्टुडिओची कागदपत्रे वाचली. पटकथेच्या जतन झालेल्या मसुद्यांवरून त्यांनी निष्कर्ष मांडला की सुखान्त शेवट नंतर चिकटवलेला नसावा, लेखनाच्या टप्प्यावरच तो कथेत आला असावा. दुःखान्ताची चित्रफीत आजवर कोठेही मिळालेली नाही.

मग गिश खोटे बोलल्या काय? इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे घाई करू नये. चाळीस वर्षांनंतरची आठवण ही त्या दिवशीची रोजनिशी नसते. कादंबरीचा शेवट, मूळ इच्छा, बैठकीतील वाद आणि प्रत्यक्ष चित्रीकरण हे सारे स्मरणात एकमेकांत मिसळू शकते. कोणते दृश्य केव्हा लिहिले गेले, हे कागदावरून ठरते. आपल्या हातून निसटलेल्या चित्रपटाबद्दल त्या अभिनेत्रीला काय वाटत होते, ते तिच्या साक्षीतूनच कळते. एका पुराव्याकडून दुसऱ्याचे काम करून घेता येत नाही.

१९/
दुष्काळापासून सुरुवात केली ती या वादासाठीच. कादंबरीचा शेवट खरा आणि चित्रपटाचा खोटा, असे म्हणताना एक गृहीतक असते : वाऱ्यापुढे स्त्रीने वेडे व्हायचे हेच वास्तव. दुसऱ्या बाजूचे गृहीतक, स्त्रीने अखेर माळाला आपलेसे करायचे. पहिले शोकान्तिकेला सोयीचे आहे, दुसरे टर्नर यांच्या सिद्धांताला.

१८८६-८७ च्या पश्चिम टेक्सासमध्ये असंख्य कुटुंबांनी तिसराच शेवट लिहिला. त्यांनी सामान बांधले आणि ती निघून गेली. स्कारबरोंचे कुटुंबही १८८७ मध्येच स्वीटवॉटर सोडून गेले, कारण शिक्षणाचे असले तरी. या शेवटात ना वेड आहे ना विजय. म्हणून तो ना कादंबरीत आला, ना पडद्यावर.

२०/
पडद्यावर त्याची एक अंधूक खूण मात्र उरली आहे. लग्नाच्या रात्री लेटीच्या मनातील तिटकारा ओळखल्यावर लायज तिला वचन देतो : मी तुला हात लावणार नाही, पैसे साठवीन आणि तुला परत व्हर्जिनियाला पाठवीन. त्या पैशासाठीच तो रानटी घोडे पकडण्याच्या मोहिमेवर जातो, आणि त्याच्या पाठीमागे सारा अनर्थ घडतो.

परतीचे तिकीट हा या कथेतील खरा दुर्मीळ पदार्थ आहे. ज्या स्त्रीकडे स्वतःचा पैसा नाही, स्वतःचे घर नाही, जिची ठेव म्हणजे नातेवाइकांची मर्जी, तिला वारा मारत नाही. वारा फक्त तिला सोडून जाता येत नाही हे दर क्षणी आठवण करून देतो. दुष्काळात जे निघून जाऊ शकले ते सुदैवी, कारण त्यांच्यापाशी निदान गाडी होती.

२१/
चित्रपटाचे नशीब फारसे बरे नव्हते. चित्रीकरण १९२७ चे, प्रदर्शन १९२८ च्या अखेरीस. या दिरंगाईत बोलपट येऊन ठेपले. स्टुडिओने फिल्मबरोबर ध्वनिमुद्रित संगीत आणि काही आवाज जोडून तो प्रदर्शित केला. वाऱ्याचा आवाज न ऐकवता ऐकू यावा, ही ज्याची सारी किमया, त्या चित्रपटाला शेवटी आवाजाचाच टेकू द्यावा लागला. एमजीएमच्या हिशेबवह्यांत सुमारे ८७ हजार डॉलरचा तोटा लागला.

एमजीएममधील गिश यांचा हा अखेरचा मूकपट. श्योस्ट्रॉम १९३० मध्ये स्वीडनला परतले. १९५७ मध्ये इंगमार बर्गमन यांच्या ‘वाइल्ड स्ट्रॉबेरीज’मधील वृद्ध प्राध्यापकाच्या भूमिकेने नव्या पिढीने त्यांना ओळखले. स्कारबरो यांचे निधन १९३५ मध्ये झाले.

२२/
मग अर्धशतकाने वाळू हलली. १९७० नंतर अमेरिकी इतिहासकार पश्चिमेकडे गेलेल्या स्त्रियांची पत्रे आणि रोजनिश्या गांभीर्याने वाचू लागले. एकाकीपणा, बाळंतपणे, धूळ, परतीची ओढ हे सारे त्या कागदांत होतेच. १९७९ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने ‘द विंड’ कादंबरी पुन्हा छापली. ज्या प्रदेशाने तिला बदनामी म्हटले, त्याच राज्याच्या विद्यापीठाने तिला आपला ठेवा मानले.

१९८३ मध्ये केविन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल यांच्या पुढाकाराने, कार्ल डेव्हिस यांच्या नव्या संगीतासह चित्रपट पुन्हा लोकांसमोर आला. १९९३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला. त्याच वर्षी नव्याण्णव वर्षांच्या लिलियन गिश यांचे निधन झाले.

२३/
हा सारा प्रवास एका ओळीत मांडला तर असा दिसतो. १८८७ मध्ये दुष्काळ आहे म्हणणारे अतिशयोक्ती करत होते. १९२५ मध्ये वारा असह्य होता म्हणणारी लेखिका बदनामी करत होती. नंतर चित्रपटाचा अवघडलेला शेवट समजावून सांगायला एक खलनायक स्टुडिओ मिळाला आणि पुढचे प्रश्न थांबले. प्रत्येक वेळी कोणाला तरी सोयीची अशी वाळू पुराव्यावर येऊन बसली. पहिल्या दोन वेळी सोय जमिनीच्या भावाची आणि गावाच्या अब्रूची होती. तिसऱ्या वेळी ती चित्रपटरसिकांची होती, म्हणून ती ओळखायला सर्वांत अधिक काळ लागला.

आपल्याला न आवडणाऱ्यांची सोय चटकन दिसते, आपली स्वतःची दिसत नाही.

२४/
आज स्वीटवॉटरला जाणाऱ्याला दुरूनच पवनचक्क्या दिसू लागतात. नोलन काउंटीचा हा परिसर अमेरिकेतील पवनऊर्जेच्या मोठ्या केंद्रांपैकी एक आहे. जवळच्या रॉस्को गावाभोवती २००९ मध्ये पूर्ण झालेल्या प्रकल्पात ६२७ पवनचक्क्या आहेत. त्यांची क्षमता ७८१.५ मेगावॉट, त्या वेळी जगात सर्वाधिक.

ज्या वाऱ्याचा उल्लेखही १९२५ मध्ये गावाला सोसला नाही, तोच आज गावाची ओळख आहे, कारण आता त्याला भाव आहे. वारा तेव्हाही तेवढाच वाहत होता. लेटीसारख्या मुली तो ऐकत होत्या, आणि चार वर्षांची एक मुलगी तो ऐकत मोठी होत होती. तिने तो लिहून ठेवला, म्हणून तो किती वाहत होता हे आज मेगावॉटखेरीज आणखी एका मापाने मोजता येते.